रायबाचं लग्न

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

"एन.एस.एस. का घेतलं?" असं व्हायव्यात विचारलं तर "समाजसेवेची आवड" असं उत्तर द्यायचं असतं. इथे एक्स्टर्नल बसलेला नाही, म्हणून खरं सांगतो. मी घेतलं सर्टिफिकेटसाठी. दुसरं कारण म्हणजे कॅम्पच्या सात दिवसांत मेसचं जेवण चुकतं. आपल्या मेसची डाळ ज्यांनी खाल्ली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

तर डिसेंबर २०२४ मध्ये आमचा कॅम्प सातारा जिल्ह्यातल्या एका गावी लागला. गावाचं नाव देत नाही, का ते पुढे येईलच. सकाळी श्रमदान, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. दुपारी सर्व्हे, संध्याकाळी कोणाचं तरी व्याख्यान, आणि रात्री शाळेच्या दोन वर्गांत सतरंज्या टाकून झोपायचं. भिंतीवर बाराखडी आणि फळांची चित्रं. दोन दिवसांत हाताला फोड आले आणि मेकॅनिकलवाले फक्त ड्रॉइंगच काढतात हे गावालाही कळलं.

१५ तारखेला रात्री आमच्या प्रोग्रॅम ऑफिसर सरांनी विचारलं, "उद्या १६ डिसेंबर, विजय दिवस. शाळेतल्या बाईंनी विचारलंय, तिसरी-चौथीच्या मुलांशी सैनिकांच्या बलिदानावर कोणी बोलेल का?" सगळ्यांनी एकदम सतरंजीकडे पाहिलं. आता मी आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत कप मिळवला होता. तो कप अजून आमच्या सोलापूरच्या घरी टीव्हीवर आहे, आणि मधूनमधून तो असा अंगात येतो. हात वर गेला.

रेंज फक्त देवळाच्या पायरीवर यायची. तिथे थंडीत बसून तासभर मुद्दे काढले. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, ९३ हजार युद्धकैदी. मग कारगिल, १९९९, ५२७ जवान धारातीर्थी. सुरुवात मात्र तानाजीपासून करायची, कारण चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजच आहेत आणि पोरांना ते पाठ असतात. कोंढाण्यापासून कारगिलपर्यंत! मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

माझा रूममेट अण्णा शेजारी घोंगडं पांघरून बसला होता. (फर्स्ट इयरला आला तेव्हाच मिशा भरघोस होत्या, तेव्हापासून अण्णा.) त्याचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून रिटायर झालेत. तो म्हणाला, "आकडे कमी कर रे. पोरं लहान आहेत."

मी म्हटलं, "तू झोप."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात एकतीस पोरं मांडी घालून बसलेली. मी तानाजीला दोर लावून कड्यावर चढवला, शेलार धावून आला, गड आला आणि सिंह गेला. तिथून उडी थेट ढाक्यावर. मग टोलोलिंग, टायगर हिल. हातवारे चालूच. मध्येच मी "हुतात्मा" म्हणालो तर पुढच्या रांगेतला एक टकलू उठून म्हणाला, "दादा, हुतात्मा म्हणजे ती रेल्वे ना? माझा मामा बसतो त्यात." सगळे हसले, मीही हसलो.

इथे एक कबुली देऊन टाकतो. मी दोन वर्षं दर सुट्टीला हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला जातोय. तिला हे नाव का, असा प्रश्न मला खिडकीची जागा मिळवण्याच्या नादात एकदाही पडला नव्हता. सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या नावाची ती गाडी. म्हणजे सोलापूरचा असून ज्याला हे नीट आठवत नव्हतं, तो त्या पोरांना बलिदान शिकवायला उभा होता. असो.

भाषणाचा शेवट मी जोरात ठेवला होता.

"सैनिक देशासाठी काय देतो?"

"प्राण!" पोरं ओरडली.

"तुम्ही मोठे होऊन काय देणार?"

"प्राण!"

छप्पर उडायची वेळ आली. मी खुशीत "कोणाला काही विचारायचंय का?" म्हटलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, अशी एक मुलगी उभी राहिली.

"तानाजी मेल्यावर रायबाचं लग्न कोणी लावलं?"

हा प्रश्न मुद्द्यांत नव्हता. मी काही बोलायच्या आत वर्गातल्या हुशार पोराने उत्तर दिलंच, "महाराजांनी लावून दिलं!" मी म्हटलं, "बरोब्बर! महाराजांनी लावून दिलं." ती बसली नाही. जरा थांबून म्हणाली, "पण रायबाला त्याचे बाबाच पाहिजे असतील ना."

मग खाली बसली आणि दप्तरात डोकं घातलं. मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात नव्हती. पोट दुखतं सांगून घरी गेली, असं पोरांनी सांगितलं.

संध्याकाळी बाईंनी मला आणि अण्णाला चहाला बोलावलं. बाई पन्नाशीच्या, त्याच पंचक्रोशीत पंचवीस वर्षं नोकरी. चहा ओतता ओतता म्हणाल्या, "बोललात छान तुम्ही. आवाज पण चांगलाय. पण एक सांगू का? राग मानू नका. समोर एकतीस पोरं होती, त्यातल्या अकरांचे वडील आत्ता ड्यूटीवर आहेत. त्या पोरीचे पप्पा वर बर्फात आहेत, आठ दिवस झाले फोन लागला नाही. आणि तुम्ही त्यांच्याकडून प्राण, प्राण म्हणून वदवून घेतलंत."

माझा चहा तसाच राहिला. काय बोलणार?

बाईच पुढे म्हणाल्या, "माझे मिस्टर पण फौजीच. मी चौथीला हे शिकवते तेव्हा मरणापासून सुरुवात करत नाही. सुट्टीपासून करते. कोणाचे पप्पा कधी येणार, ट्रंकेत काय आणतात, गेल्या दिवाळीला कोण घरी नव्हतं. तेवढं आठ वर्षांच्या पोराला बरोब्बर कळतं. पुढचं त्यांचं ती हळूहळू जोडतात. आपण ढकलायचं नाही."

त्या रात्री अण्णा बराच वेळ जागा होता. आम्ही अडीच वर्षं एका खोलीत राहतो. त्याच्या केट्या, त्याचं प्रेमप्रकरण (एकतर्फी), सगळं मला माहीत. हे मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "लहानपणी घरातला फोन वाजला की आई आधी हातातलं काम खाली ठेवायची. परात असो, कळशी असो. मग पदर नीट करायची, आणि मग उचलायची. मला वाटायचं फोनवर बोलायची हीच पद्धत असते. हॉस्टेलला आलो तेव्हा बघितलं, लोक तोंडात ब्रश धरून पण फोन घेतात."

आणि कूस बदलून झोपला. मी मात्र जागाच होतो. परिस्थिती एकूण लाजिरवाणी होती, पण कॅम्पचे चार दिवस बाकी होते आणि पोरं रोज बंधाऱ्यावर "दादा, दादा" करत येणार होती. ती मुलगीही.

सकाळी मी बाईंना विचारलं, काही दुरुस्त करता येईल का? त्या म्हणाल्या, "करा की. शाळेमागच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. इंग्रजीत आहे. मला थोडं समजतं, पण चुना बसलाय, नीट लागत नाही. तुम्ही वाचून दाखवा पोरांना."

चावडीच्या भिंतीत संगमरवराची पाटी होती, साधारण दोन फूट. दर रंगकामाला तिच्यावरूनही ब्रश फिरवलेला. अण्णाने आपला टूथब्रश आणि बादलीभर पाणी आणलं. (नंतर तीन दिवस त्याने माझी पेस्ट बोटावर घेऊन दात घासले.) एकेक अक्षर वर येत गेलं, तसतशी मागे पोरं जमत गेली. अर्थ असा होता: या गावातून ५७ माणसे महायुद्धात गेली, १९१४ ते १९१९. त्यांपैकी ६ जणांनी प्राण दिले.

संपलं. खाली काही नाही.

"कोण सहा?" एकाने विचारलं.

"ते नाही लिहिलेलं."

"नाव नाही?"

"नाही."

"रोल नंबर पण नाही?"

"नाही रे."

"मग आपल्याला कसं कळणार कोण ते?" हा कालचा टकलू. त्याचा आवाज असा, की चूक माझीच आहे.

त्यावर आणखी एक प्रश्न आला, आणि त्याने मी पुरता गार झालो. हुशार पोराने विचारलं, "दादा, १९१४ ला तर इंग्रज होते. इंग्रज आपले शत्रू. मग हे सहा जण आपले का त्यांचे?"

हा साताऱ्याचा भाग. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इथेच चाललं. त्या पोरांच्या घरांत दोन्ही आठवणी आहेत, इंग्रजांशी लढलेल्यांची आणि इंग्रजांसाठी लढलेल्यांची. कधी कधी एकाच घरात. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या पणजोबाच्या वेळी इथं दुष्काळ होता. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही. घरात खाणारी तोंडं दहा. मग तो काय करणार?" पोरगा म्हणाला, "पुण्याला जाणार कामाला." बाई म्हणाल्या, "तसाच तो पलटणीत गेला. आपल्या गावचा तो आपलाच."

मला वाटतं एवढं खरं आणि एवढं सोपं मला जन्मात सांगता आलं नसतं. नंतर जे वाचलं ते सगळं बाईंच्याच बाजूचं निघालं. दख्खनमध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले. त्यातून जगलेली पोरं १९१४ ला ऐन विशीत होती. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं समुद्रापार गेली आणि ७४ हजारांहून अधिक परत आली नाहीत. युद्ध संपल्यावर सरकारने गावोगावी अशा पाट्या बसवल्या, किती गेले आणि किती मेले एवढाच हिशोब लिहून. सातारा जिल्ह्यातलंच अपशिंगे हे गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. ४६! आपल्या डिव्हिजनचा अख्खा वर्ग म्हणा.

बाईंनी गृहपाठ दिला. घरी जाऊन विचारायचं, आपल्या घरातलं पलटणीत कोण होतं, आणि त्याची एक वस्तू मिळाली तर आणायची. हरवायची नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात प्रदर्शनच भरलं. फोटो, बिल्ले, मेसचं ताट, कॅन्टीनमधला थर्मास, एकाने तर वडिलांचा डीएमएस बूट आणला, एकच, कारण दुसरा सापडला नाही. एक ऐंशीच्या आजी नातवाबरोबर स्वतःच आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी सहा टोकांची एक ताऱ्यासारखी वस्तू काढली. 'इटली स्टार'. "मामंजींचा हाय," म्हणाल्या. "कधी बोललं न्हाईत त्यावर. एवढंच म्हणायचं, तिकडं द्राक्षाच्या बागा लई." मुलांना इटली दाखवायला नकाशा काढला. साताऱ्यापासून इटलीपर्यंत एका पोराने बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबौ!"

आता अण्णा बोलला. मी गप्प बसायचं ठरवलं होतं आणि ते पाळलं, हे माझ्या ओळखीच्यांना खरं वाटणार नाही. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली यशवंत घाडगे यांची. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला मराठा पलटणीचा नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात सगळे सोबती पडल्यावर तो एकटा मशीनगनवर धावून गेला आणि तिथेच मारला गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. माणगावात त्यांचा पुतळा आहे. दुसरी नामदेव जाधव यांची, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी गोळ्यांच्या पावसात दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून पलीकडे सुरक्षित आणून पोचवलं, आणि मग परत फिरून शत्रूची ठाणी बंद पाडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

"मग ते मेले?" पोरांनी विचारलं.

"नाही. घरी आले. म्हातारे झाले. १९८४ ला वारले."

यावर ज्या टाळ्या पडल्या त्या माझ्या कालच्या कोंढाणा-ते-कारगिलला पडल्या नव्हत्या. परत आलेल्या माणसाला एवढ्या टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. आपल्या पिक्चरमध्ये शेवटी मरणारा हिरो, परत येणारा साइड हिरो. या गावात हिशोब वेगळा आहे.

लाल रिबिनीवाली मुलगी आली होती. तिने वस्तू आणली नव्हती. सगळे गेल्यावर तिने मला वहीचं शेवटचं पान दाखवलं. आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता, चौकोनात आकडे, निम्म्यांवर काट. तळाला १० फेब्रुवारीभोवती गोल. "पप्पांची सुट्टी," म्हणाली. "अजून ५४ दिवस." मी मनात मोजलं. बरोबर होते ५४.

"काल फोन आला," ती म्हणाली. "रेंज नव्हती म्हणून लागत नव्हता." आणि मोठ्या माणसासारखं वर, "तिकडं असंच असतं."

मी सॉरी म्हणायचं ठरवून आलो होतो. आठ वर्षांच्या मुलीला सॉरी कसं म्हणायचं? त्याऐवजी म्हटलं, "त्या दगडावरच्या सहा जणांची नावं मी शोधून देऊ का तुम्हाला?" ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." बोलून बसलो.

कॅम्प संपला. हॉस्टेलवर आलो तर सबमिशनचा महापूर. जर्नल अपूर्ण, शीट्स अपूर्ण. तरी रात्री अकरानंतर मी आणि अण्णा लॅपटॉप उघडून बसायचो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून एक संस्था आहे, १९१७ ला स्थापन झालेली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची नोंद तिच्याकडे आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. आपल्या पुण्याची खडकीची वॉर सिमेट्री त्यांच्याकडेच आहे. हिंदुस्थानी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं असतं.

अडचण स्पेलिंगची. ज्या कारकुनाने खडकीचं 'किर्की' केलं आणि मराठ्यांचं 'महरट्टा' केलं, त्याच्या भावंडांनी आमच्या गावाचं काय केलं असेल? पहिले दोन दिवस शून्य रिझल्ट. मग अण्णाने गावाच्या नावाची शक्य तितकी स्पेलिंगं पाडून देणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. एकशे बारा निघाली. त्याच्या आयुष्यातला हा पहिला प्रोग्रॅम जो पहिल्याच फटक्यात रन झाला. एकेक टाकून बघत गेलो. एकोणचाळिसाव्या स्पेलिंगला, पहाटे दोनच्या सुमारास, पहिलं नाव आलं.

अण्णा खुर्चीवरून उठून उभाच राहिला. मी का उठलो ते मला माहीत नाही, पण मीही उठलो.

आठवड्याभरात चार सापडली. तिघांच्या पुढे एकच ठिकाण, बसरा मेमोरियल, इराक. पैकी एकाच्या मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ मधली. त्या वेळी तिकडे कूत-अल-अमाराचा वेढा चालू होता. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी जी फौज कोंडून ठेवली ती सहावी डिव्हिजन, 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाणारी. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. रसद संपली, घोडे मारून खाल्ले, शेवटी शरण गेले, आणि पुढे कैदेतही कितीतरी मेले. आपण कॅम्पातून येताना ज्या पुणे स्टेशनवर उतरतो त्या पुण्याचं नाव लावून ही माणसं तिग्रिसच्या काठी उपाशी राहिली, हे मला बारावी सायन्स करूनही माहीत नव्हतं.

चौथ्याची तारीख मार्च १९१९ ची. म्हणजे ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्यानंतर चार महिन्यांनी. घरच्यांनी तोपर्यंत वाट बघायला सुरुवातही केली असेल.

बसऱ्याच्या त्या स्मारकाचीही एक गोष्ट आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून जास्त सैनिकांसाठी ते उभारलं, १९२९ ला. ब्रिटिशांची नावं दगडात कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदुस्थानी शिपायांचं मात्र पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा. म्हणजे तिकडे बसऱ्यातही आकडा आणि इकडे चावडीतही आकडा. नावं राहिली ती रजिस्टरात. हे चुकलं असं त्या कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं आणि माफी मागितली. तोपर्यंत शंभर वर्षं झाली होती. आपल्याकडे दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथे स्वातंत्र्यानंतर मेलेल्या प्रत्येक सैनिकाचं नाव आहे, शिपाई असो की अधिकारी. पंचवीस हजारांवर नावं. टकलूला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "रोल नंबर पण आहे का?" मी म्हटलं, "आहे. त्याला सर्व्हिस नंबर म्हणतात."

उरलेली दोन नावं आम्हाला सापडली नाहीत. एकशे बाराच्या एकशे बारा स्पेलिंगं संपली. चार नावं, बापाचं नाव, पलटण, तारीख असं सगळं मराठीत नीट लिहून अण्णाच्या सुंदर अक्षरात (ड्रॉइंग शीटवरचं लेटरिंग एकदाचं कामी आलं) बाईंना पोस्टाने पाठवलं. बाईंनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवलं. चारपैकी दोन आडनावं आजही गावात आहेत. एका घरातल्या आजोबांना पणजोबांचा भाऊ 'बसऱ्याला गेला' एवढं माहीत होतं. बसरा म्हणजे काय, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं मुंबईकडचं एखादं ठिकाण असेल.

ती चार नावं मी इथे छापत नाही. नावं दिली की गाव कळेल, आणि गाव कळलं की त्या मुलीचे पप्पा कोण तेही. फौजी घरातलं एवढं सांभाळावं लागतं, हे अण्णाने शिकवलं.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगरकडची बरीच मंडळी आपल्या हॉस्टेलवर आहेत. गावी गेलात की चावडी, देऊळ, जुनी शाळा बघून या. असा दगड दिसला तर फोटो काढून आणा. बी विंग, रूम नंबर २१४. प्रोग्रॅम तयार आहे, स्पेलिंगं पाडून देऊ. अट एकच, सबमिशनच्या आठवड्यात येऊ नका.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बाईंचा मोबाइलवर फोटो आला. चावडीच्या भिंतीवर, दगडाच्या खाली, पांढरा पट्टा मारलाय. स्टुलावर एक माणूस पाठमोरा उभा आहे, केस बारीक कापलेले, हातात ब्रश. पट्ट्यावर काळ्या रंगात १ ते ६ आकडे. चार आकड्यांपुढे नावं झालीत, शेवटच्या नावाचं वळण अजून ओलं दिसतंय. ५ आणि ६ पुढची जागा मोकळी ठेवली आहे. स्टुलाशेजारी लाल रिबिनीवाली उभी आहे, रंगाचा डबा दोन्ही हातांनी धरून, आणि कॅमेऱ्याकडे न बघता वर, स्टुलावर बघतेय.